दोन डोळ्यांचं कलम

रामाकोन्याच्या संत्राबागांवर त्या वर्षी कोळशी अशी उतरली होती, की झाडाखालून गेलेल्या माणसाला सदरा काढल्याशिवाय घरात घेत नसत. पानाच्या पाठीमागे काळी माशी बसते, तिची पिल्लं रस पितात आणि चिकट पाणी सोडतात, त्या चिकट्यावर काजळी धरते, आणि बघता बघता हिरवीगार बाग लोहाराच्या भात्याशेजारी वाढल्यासारखी दिसायला लागते. औषध आहे, नाही असं नाही. पण पिल्लं कोवळी असतात तेवढ्याच दिवसांत ते लागू पडतं. आठ दिवस उशीर झाला की पिल्लांच्या पाठी कडक होतात, आणि मग औषध म्हणजे त्यांना नुसती आंघोळ.

सन एकोणनव्वदचा चैत्र होता. औषधाचा मोठा पंप बसवलेली गाडी साऱ्या तालुक्यात एकच होती, आणि ती कुठे आधी जाणार हे झाडांच्या याद्यांवर ठरायचं होतं. ज्या गावाची पूर्ण यादी शनिवारी दुपारी बारापर्यंत सौंसरच्या सर्वे कचेरीत पोचेल, त्या गावाला गाडी पहिल्या फेरीत. बाकीच्यांना दुसऱ्या फेरीत, म्हणजे तीन आठवड्यांनी, म्हणजे आंघोळीला.

यादी करायला नागपूरहून हेमंत नावाचे तरुण साहेब आले आणि नत्थूजीच्या ओसरीवर मुक्कामाला राहिले. नत्थूजीच का, तर रामाकोन्यात संत्र्याबद्दल काही विचारायचं असलं की माणूस आपोआप त्याच घरी येई. जंभेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, खुंटावर संत्र्याचा डोळा भरावा तो नत्थूजीनं. चाकूनं सालीला आडवी-उभी चीर द्यायची, काडीवरचा डोळा नखाएवढ्या सालीसकट काढायचा, चिरेत बसवायचा, अंगठ्यानं दाबून धरायचा आणि पट्टीनं बांधायचा. हे सगळं त्याचे हात करत आणि तो स्वतः मात्र दुसऱ्याच कुणाशी पावसापाण्याचं बोलत असे.

त्या घरची सून छाया. माहेर सौंसरचं, शिक्षण बारावी, लग्नाला दीड वर्ष झालेलं. घरात तिला कोणी वाईट बोलत नसे, पण तिला काही येतं असंही कोणी धरत नसे. मागच्या हिवाळ्यात तिनं हौसेनं वीस खुंटांवर डोळे भरले होते, त्यातले एकोणीस वाळले. नत्थूजी त्या वाळलेल्या ओळीसमोर उकिडवा बसला. मग म्हणाला, "एकएकच भरला काय?"

"काड्या वाया जातीन म्हणून एकच भरला मामाजी."

"दोन भराचे असतात बाई. दोन बाजूनं दोन. एक मेला त दुसरा हाय. दोन्ही जगले त मग एक कापाचा."

तेवढंच बोलून तो उठला. रागावला असता तर छायाला बरं वाटलं असतं. त्याच्या घरातले खुंट नेहमी दोन पट्ट्यांचे असत, हे तिनं दीड वर्ष रोज पाहिलं होतं आणि तरी तिला ते दिसलं नव्हतं, याची तिला फार लाज वाटली.

हेमंतनं पहिल्याच दिवशी पिशवीतून एक चपटा, राखी रंगाचा डबा काढून खाटेवर ठेवला आणि झाकण उघडलं. झाकण उभं राहिलं तशी छायाची सासू अंबाबाई भाकरी सोडून बाहेर आली.

"हे काय पेटी हाय काय वाजवाची?"

"कॉम्प्युटर आहे काकू. याला लॅपटॉप म्हणतात. मांडीवर घेऊन काम करायचं."

"मांडीवर? थे तापत नाही काय?"

"तापते थोडं."

"मंग उन्हाळ्यात काहून आणलं बापा?" असं म्हणून अंबाबाई भाकरी बघायला गेली. नत्थूजी हात पाठीमागे बांधून डब्याभोवती एक फेरी मारून आला. दुसऱ्याच्या नाजूक वस्तूला तो कधी हात लावत नसे.

दोन दिवस हेमंतनं एकट्यानं काम केलं. तिसऱ्या दिवशी खुंटांच्या वाफ्यातून वाकून जाताना जंभेरीचा काटा त्याच्या उजव्या तळव्यात पार आत मोडला. अंबाबाईनं हळद-तेलाचं पोटीस बांधलं, तरी दुसऱ्या सकाळी हात पावासारखा फुगला होता. तो खाटेवर बसून डाव्या हाताच्या एका बोटानं कळा शोधत होता आणि प्रत्येक कळेगणिक कण्हत होता.

"असं करत बसलो तर दिवाळी येईल," तो म्हणाला. मग ताट घेऊन आलेल्या छायाकडे पाहून विचारलं, "वहिनी, तुम्हाला इंग्रजी अक्षरं येतात ना?"

"येतात," छाया म्हणाली. हा शब्द तोंडातून कसा गेला ते तिचं तिलाच कळलं नाही. तिचा नवरा रवींद्र पाठीवरचा फवारणीपंप उतरवता उतरवता थांबला आणि त्यानं बापाकडे पाहिलं. छायानंही पाहिलं. नत्थूजी सुपारी चघळत होता. ती पूर्ण चघळून झाल्याशिवाय तो कोणत्याच प्रश्नाचं उत्तर देत नसे.

"बसू दे न," तो शेवटी म्हणाला. "अक्षरंच त दाबाची हाय. अन् गावाची यादी हाय, कोन्या परक्याची नाही."

तर असं छायाचं शिक्षण सुरू झालं, ओसरीवर, खाटेवर, डोक्यावरचा पदर एका हातानं सावरत. हेमंतनं डाव्या हातानं दाखवलं. हा पडदा. या कळा. हा बाजूला खटका, यानं मशीन चालू-बंद. ही लुकलुकणारी रेघ म्हणजे मशीन सांगते, मी इथं उभी आहे, बोला. पुढचं अक्षर तिथंच पडणार. आत बॅटरी आहे, म्हणून तार नसली तरी चार तास चालते. आणि हे बाजूचं तोंड, यात ही चकती जाते. चकती म्हणजे तळहाताएवढी निळी चौकोनी पाटी होती, तिला चकती का म्हणायचं हे छायाला कळेना. हेमंतनं वरची पत्र्याची खिडकी सरकवून आतली गोल तपकिरी पातळ चकती दाखवली आणि म्हणाला, "हिला बोट लावायचं नाही. कधीच नाही."

"आता लिहा. बागेच्या मालकाचं नाव म्हणून घरचंच लिहा."

छायानं एन शोधला आणि दाबला. त्या घरात जे काही दाबायचं असे, कणीक असो की डोळा, ते चिकटेपर्यंत दाबून धरायचं असे. तिनंही धरलं. मशीन कुरकुरली आणि पडद्यावर एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत एनच एन धावत सुटले. छाया घाबरून उठली, पदर खांद्यावर आला.

"दाबून नाही धरायचं," हेमंत हसत म्हणाला. "कोंबडी दाणा टिपते तसं. टिपायचं आणि सोडायचं."

कोंबडी छायाला समजली. दुपारपर्यंत ती टिपायला लागली. चारपर्यंत एका बागेतली एकोणीस झाडं तिच्या बोटांनी पडद्यावर आली, झाडाचा नंबर, शंभर पानांत काळी पानं किती, फांद्या कशा. संध्याकाळी रांजण भरायला उठताना तिनं रेडिओ बंद करतात तसा तो खटका दाबला. पडदा पुसला गेला.

हेमंतनं पुन्हा मशीन लावली. एकोणीस झाडं कुठेच नव्हती. तो रागावला नाही, फक्त त्याचा चेहरा उतरला. "वहिनी, पडद्यावर दिसते ते मशीनच्या तात्पुरत्या आठवणीत असते. खटका बंद केला की ती सारी आठवण जाते. म्हणून मध्ये मध्ये चकतीवर ठेवून द्यावं लागते. त्याला सेव्ह करणं म्हणतात."

छायाला ते वाळलेले एकोणीस डोळे आठवले, आकडाही तोच. मग ती हळूच म्हणाली, "म्हणजे ओटी सुटली."

"काय?"

"कापूस वेचतो तं पहिले ओटीत जमा होते. ओटी भरली का गाठोड्यात टाकाची. नाही टाकली, अन् कमरेची गाठ सुटली, तं सारा कापूस मातीत."

हेमंत तिच्याकडे पाहतच राहिला. "दोन वर्षं मी लोकांना हे शिकवून राहिलो," तो म्हणाला. "इतकं सोपं मलाच नव्हतं माहीत."

दुसऱ्या दिवसापासून मशीन बागेत निघाली. उलट्या ठेवलेल्या संत्र्याच्या टोपलीवर मशीन, समोर पोत्यावर छाया, झाडाभोवती फिरत पानं मोजणारा हेमंत, आणि फांदी वाकवून धरायला रवींद्र. हेमंत आकडा ओरडे, छाया टिपे. मशीनच्या पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता. घरात तो अंधूक दिसे, पण बागेत उन्हाकडे वळवला की अक्षरं स्वच्छ उठून येत. "सूर्यफुलाची जात हाय याची," अंबाबाई म्हणाली. तीही जेवण घेऊन येई आणि उगाच दोन घटका थांबे.

गावभर झालं, नत्थूजीची सून मशीन चालवून राहिली. बाया विहिरीवरून वाकडी वाट करून बघायला येत. एकीनं विचारलं, त्यात आपलं झाड दिसते काय. छायानं तिच्या नवऱ्याचं नाव आणि झाडाचा नंबर दाखवला, तेव्हा ती बाई पडद्याजवळ तोंड नेऊन म्हणाली, "फळं नाही दिसत वो." छायाला हसू आवरलं नाही. इतकी मोकळी ती सासरी आल्यापासून हसली नव्हती, आणि हसताना तिला वाटलं, आपल्या हातांत काहीतरी आहे बाई, उगाच नाही.

गुरुवारपर्यंत दहा बागा झाल्या. राहिली ती नत्थूजीची स्वतःची. आधी गावाच्या, मग घरची, असं त्यानंच ठरवलं होतं. त्या दुपारी हेमंतला ताप भरला. हात कोपरापर्यंत लाल झाला, आणि नागपूरला जाऊन काटा कापून काढण्यावाचून इलाज राहिला नाही. जाताना त्यानं डाव्या हातानं एक चिठ्ठी लिहिली, की यादीची चकती छायाताई घेऊन येतील. पिशवीतल्या दोन कोऱ्या चकत्याही त्यानं तिच्याकडे दिल्या. "एकच बाग आहे. तुम्हाला जमते. मी रविवारी येतो."

तो गेल्यावर छाया मशीनसमोर एकटी बसली. दहा बागा एका चकतीवर होत्या. एकाच. तिची नजर अंगणातल्या खुंटांवर गेली, दोन-दोन पट्ट्या बांधलेल्या. एका चकतीवरचं दुसरीवर कसं घ्यायचं ते हेमंतनं एकदा दाखवलं होतं, तिनं ते वहीच्या पानावर उतरवून घेतलं होतं. मशीनला तोंड एकच, म्हणून ती चकती काढ, ही घाल, पुन्हा ती काढ, असं बराच वेळ चाललं. झालं तेव्हा तिनं दुसरी चकती पोलक्याच्या कापडात गुंडाळून आपल्या पत्र्याच्या पेटीत ठेवली. कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काय होतं, असंच तिला वाटलं.

शुक्रवारी सकाळी घरची बाग. त्यासाठी बागेत जायची गरजच नव्हती. सर्वेत दर पाचवं झाड घ्यायचं होतं, अशी अठ्ठेचाळीस झाडं, आणि आपल्या झाडांची पानं नत्थूजीनं आठवडाभर पहाटे उठून स्वतःच मोजली होती. तो ओसरीच्या पायरीवर बसून सांगत गेला आणि छाया टिपत गेली. अकरा वाजता शेवटचं झाड झालं. तिनं ते चकतीवर टाकलं आणि खटका बंद केला. मशीनच्या पोटाला हात लावून पाहिला तर चांगलीच तापली होती, आणि बाहेर ऊनही तसंच होतं. शेतावर गड्यांची भाकर न्यायची वेळ झाली होती.

"मामाजी, मशीन लय तापली. थंडी होऊ द्या जराशी. मी येतो भाकर देऊन," असं सांगून ती गेली.

आता नत्थूजीच्या ताब्यात नाजूक वस्तू दिली, आणि ती तापली आहे असं सांगितलं, तर तो काय करणार? दूरगावाहून आणलेल्या डोळकाड्या उन्हानं सुकू नयेत म्हणून तो जे करत आला होता तेच त्यानं केलं. चांगलं मऊ गोणपाट निवडलं, रांजणातल्या गार पाण्यात बुडवलं, पिळलं, मशीनला पहिल्यांदाच हात लावून लेकरासारखी उचलली, चारी बाजूंनी गोणपाटात गुंडाळली आणि रांजणाच्या सावलीत नेऊन ठेवली. वर अर्धा तांब्या पाणीही शिंपडलं, अधूनमधून शिंपडावं लागतं म्हणून.

छाया परत आली तेव्हा तो दाराशीच होता, खुश होता. "पाय, कशी थंडीगार झाली."

छायानं गोणपाट उलगडलं. कळांच्या फटींतून पाणी ओघळलं. खटका बंद होता, तरी तिनं पुन्हा बघितला. चकती काढली, तिच्या पत्र्याच्या खिडकीतूनही थेंब पडला. तिचा चेहरा बघून नत्थूजीला सांगावं लागलं नाही. तो दोन पावलं मागे सरकला.

"पाण्यानं मरते काय थे?"

"हो मामाजी."

"माह्या हातानं मेलं," तो म्हणाला आणि अंगणात खुंटांपाशी जाऊन बसला.

छायाला त्याच्याकडे बघवेना. थंडी होऊ द्या, हे तिनंच सांगितलं होतं, आणि कसं ते सांगितलं नव्हतं. पण आधी मशीन. मागच्या खोलीत फरदडीच्या, म्हणजे शेवटच्या वेचणीच्या, कापसाचा ढीग विकायचा राहिला होता, उन्हाळ्यानं कोरडा कुरकुरीत झालेला. तिनं मशीन उघडून उलटी केली, फडक्यानं टिपली आणि त्या ढिगात गळ्यापर्यंत पुरली. अंबाबाईनं वरून आणखी दोन ओंजळी कापूस टाकला. "बाळंतिणीसारखी ठेवली बाई," ती म्हणाली, पण तिच्याही आवाजात नेहमीची गंमत नव्हती.

जेवणाची वेळ झाली. नत्थूजी उठला नाही. रवींद्र बोलवायला गेला, तर म्हणाला, "साऱ्या गावाची बाग म्या पाण्यात घातली. मले कायले जेवू घालता?" पन्नास वर्षांत त्यानं कुणाची एक काडी वाळू दिली नव्हती. हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं.

छाया पेटीकडे गेली. पोलक्याचं कापड सोडून ती अंगणात आली आणि सासऱ्यासमोर उकिडवी बसली, मागच्या हिवाळ्यात तो बसला होता तशीच.

"मामाजी, दुसरा भरला होता मी."

त्याला कळलं नाही. तिनं निळी पाटी पुढे धरली. "दहा बागा यातबी हाय. काल भरल्या. एक मेला त दुसरा हाय."

नत्थूजीनं चकतीकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग समोरच्या दोन पट्ट्यांच्या खुंटाकडे. त्यानं खिशात सुपारी चाचपली, ती सापडेना. "अन् आपली बाग?" त्यानं विचारलं.

"थे आजची होती. यात नाही. पण तुमच्या डोक्यात त हाय न?"

तो उठला, हात धुतले, आणि दोन माणसांचं जेवला.

शनिवारी सकाळी छोट्या लाइनीच्या गाडीनं दोघं सौंसरला गेले. चकती छायाच्या मांडीवर, कापडात. सर्वे कचेरी म्हणजे भाड्यानं घेतलेल्या तीन खोल्या होत्या आणि तिथं प्रभाकर नावाचा कारकून एकटाच होता. साहेब फेरीवर, मशीन चालवणारे त्यांच्यासोबत, बारापर्यंत येतील. छायानं चिठ्ठी दिली. त्यानं ती उलटीसुलटी केली.

"हे हेमंत साहेबांचं अक्षर नाही बाई. त्यांचं अक्षर मोत्यासारखं हाय. हे कोंबडीचे पाय हाय."

"उजव्या हातात जंभेरीचा काटा मोडला त्याच्या," नत्थूजी म्हणाला. "हे डाव्या हाताचं हाय. काटा माह्या वाफ्यातला होता, तवा साक्षीदारबी मीच."

प्रभाकर हसला आणि तिथंच अर्धा विरघळला. पण मशीन चालवणार कोण? मी, असं छाया म्हणाली तेव्हा त्यानं तिच्याकडे, तिच्या डोक्यावरच्या पदराकडे, तिच्या शेतातल्या मातीनं रंगलेल्या टाचांकडे पाहिलं. घड्याळात दहा वाजून गेले होते. शेवटी तो म्हणाला, "वहाणा बाहेर काढा. आत धूळ चालत नाही."

आतली मशीन पाहून छायाचं अवसान गळालं. ही वेगळीच होती. दूरदर्शनसारखा मोठा पडदा वेगळा, खाली हा मोठा डबा, कळा तिसरीकडे, मधून तारा. प्रभाकर मागे उभा होता. तिनं एक श्वास घेतला आणि मनात म्हटलं, पडदा कुठे, तो हा. कळा, या. खटका, डब्याच्या बाजूला. आणि तोंड? तोंडं दोन होती, एक रुंद आणि एक लहान. "आणा इकडे," प्रभाकर मदतीच्या उत्साहानं म्हणाला आणि चकती रुंद तोंडात सारायला लागला.

"तिथं नोका घालू," छाया म्हणाली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "थे मोठ्या चकतीचं तोंड हाय. आपली लहान. आत पडून जाईन." तिनं चकती घेतली आणि लहान तोंडात ठेवून बोटानं हलकेच सारली. खट्. खटका दाबला, वहीतलं पान मांडीवर घेतलं, कळा टिपल्या. लाल दिवा लागला. डबा आतल्या आत कुरकुरला, थांबला, पुन्हा कुरकुरला. नत्थूजी दाराशी अनवाणी उभा होता, हात पाठीमागे.

"जित्ता हाय काय?" त्यानं विचारलं. डोळा भरून एकवीस दिवसांनी पट्टी सोडताना तो ह्याच आवाजात विचारत असे.

पडद्यावर रामाकोना आलं. खाली एकेक करून दहा मालकांची नावं आली.

"जित्ता हाय मामाजी."

प्रभाकरनं खुर्ची दिली, पण नत्थूजी बसला नाही. त्यानं डोळे मिटले आणि तो आपल्या बागेत गेला. "विहिरीकडून पहिली ओळ. पहिलं झाड. शंभरात साठ काळी. फांद्या बऱ्या. मंग पुढचं, वाकडं, थे माह्या बापाच्या हातचं. चाळीस." छायाची बोटं टिपत होती. एक ओळ संपली की तो थांबे, डोळे उघडे आणि विचारे, "गाठोड्यात टाकलं?" छाया मान डोलवी, तेव्हाच तो पुढच्या ओळीत शिरे. अठ्ठेचाळिसावं झाड झालं तेव्हा बाराला दहा कमी होते.

साहेब आले ते घामाघूम. त्यांना वाटलं प्रभाकरनं कुणा पाहुण्यांना आत बसवलंय. मग त्यांनी पडदा पाहिला, यादी वरून खाली नेली, आणि काही न बोलता छापायच्या मशीनचा खटका दाबला. करकर आवाज करत कागद बाहेर आला. अकरा बागा. त्यांनी माथ्यावर निळ्या शाईनं लिहिलं, पहिली फेरी, सोमवार. मग छायाला विचारलं, "कुठे शिकलात?"

"घरीच," छाया म्हणाली. ते खरंच होतं.

रविवारी हेमंत आला, हाताला पांढरी पट्टी बांधून. मशीन कापसात आहे ऐकून तो आधी मटकन खाटेवर बसला. मग रवींद्रच्या हातून खालचे स्क्रू काढून घेतले. आत सगळं कोरडं होतं, दोन कापसाचे धागे तेवढे निघाले. झाकण लावून त्यानं खटका दाबायला छायाला सांगितलं. मशीन एकदा टुक् करून बोलली आणि कोपऱ्यात ती रेघ लुकलुकायला लागली. अंबाबाईनं मशीनवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "बाळंतीण उठली बाई," ती म्हणाली, आणि ह्या वेळी सगळे हसले.

सोमवारी औषधाची गाडी आली. दिवसभर गावात पंपाचा घरघराट आणि औषधाचा उग्र वास होता, आणि लोक त्या वासात अत्तराच्या दुकानात असल्यासारखे हिंडत होते. पिल्लं अजून कोवळीच होती. संध्याकाळ व्हायच्या आधी हेमंत आवराआवर करायला लागला, तेव्हा नत्थूजी ओसरीवर आला. हात धुतलेले होते, कोपरापर्यंत.

"माह्यं नाव काढता येते काय यात?"

छायानं मशीन उन्हाकडे वळवली आणि एन दाखवला. नत्थूजीनं अंगठा ठेवला, बरोबर मधोमध, आणि डोळा बसवतात तसा दाबून धरला. पडद्यावर या काठापासून त्या काठापर्यंत एन धावले. हेमंतनं छायाकडे पाहिलं, छायानं पदर तोंडात कोंबला, पण अंबाबाईला ते जमलं नाही आणि मग नत्थूजीलाही नाही. हसून झाल्यावर छायानं जास्तीचे एन पुसले. मग कोंबडीसारखं टिपत टिपत, एकेक अक्षर विचारत, त्यानं आपलं नाव पूर्ण केलं. ते नाव त्याला वाचता येत नव्हतं. तरी तो पुष्कळ वेळ त्याकडे बघत होता.

"टाक गाठोड्यात," तो म्हणाला. छायानं टाकलं. तो पायरी उतरून खुंटांकडे निघाला, अर्ध्या अंगणात गेला आणि वळला.

"अन् दुसऱ्यात?"

छायानं हात वर करून दाखवला. दुसरी चकती तिच्या हातात होती.